पट्टा लावायला माणूस लागतो

जुळ्याला जुळा भाऊ नव्हता. साधा भाऊही नव्हता. आईवडिलांचा तो एकुलता एक, आणि हे नाव त्याला मिळालं ते चाळिशी गाठल्यावर, तेही नोकरीच्या ठिकाणी. मिळालं ते असं चिकटलं की पगाराच्या खिडकीवरचा कारकूनसुद्धा "जुळ्या, सही कर" म्हणायचा, आणि एकदा घरी बायकोच्या तोंडूनही तेच निघालं तेव्हा तिनं जीभ चावली.

माणसं अवकाशात पाठवायची म्हणून उभारलेल्या केंद्रात तो भांडारात कामाला होता. मागेल त्याला तार द्यायची, रबरी नळ्या द्यायच्या, कापडाचं ठाण खांद्यावर टाकून शिवण विभागात पोचवायचं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एके दिवशी पोशाख शिवणारा शिंपी त्याच्याकडे टक लावून बघत उभा राहिला. शिंप्याला माणूस दिसतच नाही, माप दिसतं. "हात पसर बघू," तो म्हणाला, आणि गळ्यातली टेप काढून त्यानं छाती मोजली, खांदा मोजला, काखेपासून बोटापर्यंत हात मोजला, खोक्यावर बसवून डोक्याची उंची मोजली. मग टेप तशीच लोंबकळती घेऊन तो मोठ्या साहेबांच्या खोलीकडे पळाला. पहिल्या उड्डाणासाठी निवडलेल्या वैमानिकाची आणि या भांडारातल्या माणसाची मापं तंतोतंत एक होती.

वैमानिक म्हणजे मोठा माणूस. त्याचा दिवस व्यायाम, विमान, डॉक्टर आणि भाषणं यांत जायचा, आणि उरलेला वेळ निधी देणाऱ्या मंडळींबरोबर जेवण्यात. खुर्ची बनवणाऱ्यांना मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवायला एक अंग लागायचं, आणि ते त्याच अंगाचं हवं होतं. म्हणून जुळ्याला भांडारातून उचलून यानाच्या नमुन्यात नेऊन बसवलं. यान म्हणजे दोन खुर्च्या जेमतेम मावतील एवढी पत्र्याची घुमटी. तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. कुणी कोपराखाली रबर सरकवी, कुणी भिंतीवर बटण धरून "हात पोचतो का?" विचारी. पोचला तर पोचतो म्हणायचं, नाही तर नाही. एवढंच काम.

"जावईबापू, सध्या काय करता?" सासरे विचारायचे.

"बसतो," जुळ्या सांगायचा, आणि सासऱ्यांचं तोंड कडू व्हायचं. बसून खायची नोकरी म्हणावी, तर इथं खायचीच पंचाईत होती. कारण नुसतं माप जुळून भागत नव्हतं, वजनही वैमानिकाएवढंच ठेवावं लागे. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं, आणि काटा इकडचा तिकडे झाला की खुर्चीवाले तोंड पाडून बसायचे.

इथं बायकांचा संबंध आला. वैमानिकाची बायको शाळेत गणित शिकवायची, बोलायला मोकळीढाकळी. तिनं एका संध्याकाळी जुळ्याच्या घरी फोन केला. "अहो, आमच्यांनी काल पार्टीत दोन वाट्या गोड हाणलंय. तुमच्यांनाही घाला, नाही तर उद्या दोघं सारखे भरायचे नाहीत." जुळ्याची बायको आधी गांगरली आणि मग फोन हातात धरून हसत सुटली. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. आमच्यांना ताप आलाय, नुसत्या सूपवर आहेत, तुमच्यांचंही ताट आवरा. आमचे उद्या डोंगर चढायला निघालेत, तुमच्यांना जरा पळवा. नवरे जुळे म्हटल्यावर आपण जावाच की, म्हणून दोघी एकमेकींना जाऊबाई म्हणायला लागल्या. सख्ख्या जावांमध्ये असं गूळपीठ कधी जमत नाही. ओघानंच जुळ्या तिचा भावजी झाला. तो तिला वहिनी म्हणे, वैमानिकाला मात्र साहेबच.

या नोकरीत जुळ्या ताटावर हात आडवा धरायला शिकला. ठरलेलं पोटात गेलं की हात ताटावर, मग बायकोनं कितीही आग्रह केला तरी तो हात हलायचा नाही.

आता पट्ट्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पट्ट्यावर अडकलं आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या दोन्ही खांद्यांवरून जाड पट्टे येत. ते पाठीमागं ओढून एका खोबणीत अडकवायचे, की कट् असा आवाज होई आणि माणूस खुर्चीला जखडला जाई. ही खोबण मानेच्या मागं, खुर्चीच्या पाठीत. बसलेल्याचा हात तिथं जात नाही. सोडायचं असेल तर सोपं, छातीवर लाल कडी होती, ती जोरानं ओढली की दोन्ही पट्टे मोकळे. पण परत लावायचे तर मागं दुसरा माणूस पाहिजे.

तो दुसरा माणूस जुळ्या. रीतच पडून गेली होती. आधी जुळ्या खुर्चीत बसायचा, पट्ट्यांची लांबी स्वतःच्या अंगावर ठरवून घ्यायचा आणि उठायचा. मग वैमानिक बसायचा. बसता बसता विचारायचा, "काय जुळ्या, ऊब धरली का खुर्चीनं?" मग खांदे मागं दाबून वाट बघायचा. जुळ्या मागून पट्टे ओढायचा, कट्, दोनदा हिसका देऊन बघायचा आणि शिरस्त्राणावर टप्पल मारायचा. "संसारासारखंच आहे हे," वैमानिक एकदा म्हणाला होता. "जोडायला दुसरा लागतो, मोडायला एकटा पुरतो." शेजारच्या खुर्चीत डॉक्टरीणबाई बसायच्या, त्याही याच उड्डाणाला जाणार होत्या. "हे वहिनींसमोर बोलून दाखवा," त्या म्हणाल्या, आणि वैमानिकानं कान धरायला हात वर नेला तर तो शिरस्त्राणावर आपटला.

आणि झडपेचंही सांगून टाकतो. यानात हवा आतबाहेर करणारी एक झडप डाव्या भिंतीला, खाली, जरा लांबच होती. ती अवेळी उघडलीच तर बंद करायला तिची चकती हातानं फिरवता येई. जुळ्याला बसवून विचारलं, पोचतो का? पोचला. पोशाख मऊ होता, हात लवचीक होता, पोचला. यानातली हवा गेली तर पोशाख आपोआप फुगतो आणि फुगवलेल्या चेंडूसारखा टणक होतो, आणि तशा पोशाखातही चाचणी घ्यायची ठरलेली होती. पण त्यासाठी लागणारं यंत्र त्या वर्षी निधीला कात्री लागली तिच्यात गेलं. चाचणी पुढं ढकलली, मग आणखी पुढं, आणि मग उड्डाणाचा दिवस आला. यात कुणी खलनायक नव्हता. सगळे भले होते, सगळ्यांना घाई होती, आणि निधी समितीला लवकर काहीतरी उडताना दाखवायचं होतं.

उड्डाण छोटंच होतं. पृथ्वीभोवती थोड्या फेऱ्या मारायच्या आणि खुर्चीतून न उठता परत यायचं. त्या सकाळी जुळ्या खऱ्या यानात बसला, उठला, वैमानिक बसला, जुळ्यानं पट्टा लावला आणि बाहेर आला. दार बंद झालं.

वर सगळं नीट झालं. लोक टाळ्या वाजवून घसा बसेपर्यंत ओरडले. परत येताना मधला काही वेळ संपर्क तुटतो, तो अपेक्षेप्रमाणे तुटला. यान हवाईछत्रीला लटकत माळरानावर उतरलं, आदळलं, आणि सुटका करणाऱ्या पथकानं दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाई बेशुद्ध होत्या आणि वैमानिक मेलेला होता.

बाईंना पुढं शुद्ध आली. त्यांना एवढंच आठवत होतं की परतीच्या वाटेवर हवा कमी व्हायला लागली, पोशाख फुगले, त्यांच्या हातमोज्याची कडा गळत होती, आणि मग काही नाही. नोंदयंत्राचा आदळण्यात चुरा झाला होता. सुटका पथकाचा नियम असा की आत शिरलं की पहिल्यांदा सगळ्या झडपा बंद करायच्या आणि सगळ्या कड्या ओढायच्या. त्यांनी तो पाळला. त्यामुळं आधी काय उघडं होतं आणि काय बंद, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण अंगावरच्या खुणा वाचणाऱ्या डॉक्टरांनी एक गोष्ट छातीठोक सांगितली. बाईंच्या खांद्यांवर पट्ट्यांचे वळ होते. वैमानिकाच्या खांद्यांवर नव्हते. यान आदळलं तेव्हा त्याचा पट्टा लागलेला नव्हता.

मग बोलणाऱ्यांची तोंडं सुटली. काही म्हणाले, वर आखडून गेला असेल, पट्टा सोडून आरामात बसला असेल, फाजील आत्मविश्वास. काही हळू आवाजात म्हणाले, लावणाऱ्यानं नीट लावलाच नसेल तर?

जुळ्या दोन्ही ऐकायचा. त्याला राग आला नाही, रडू आलं नाही. अंत्यविधीला तो मागच्या रांगेत उभा राहिला. लोक त्याच्याकडे चोरून बघत होते, कारण पाठीमागून तो हुबेहूब वैमानिक दिसायचा. वैमानिकाची म्हातारी आई गाडीतून उतरली, समोर तीच पाठ बघून जागच्या जागी थांबली, आणि कुणीतरी तिला दंडाला धरून पुढं नेलं. जुळ्याला त्याचंही काही वाटलं नाही. वाटायचं ते ज्या जागी वाटतं ती जागाच बधिर झाली होती, दात काढल्यावर गाल होतो तशी.

काही दिवस गेल्यावर तो बायकोला घेऊन वहिनीकडे गेला. घर नीटनेटकं होतं. टेबलावर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतलेल्या होत्या. वहिनीनं पाणी दिलं, समोर बसली आणि आडवळण न घेता विचारलं, "भावजी, एकच सांगा. पट्टा तुम्ही लावला होता ना?"

दुसरा कुणीही हो म्हणाला असता. हो म्हणायला पैसे पडत नाहीत. पण जुळ्यानं खरंच आठवून बघितलं, आणि त्याला सापडलं नाही. ऊब धरली का, खांदे मागं, कट्, दोन हिसके, टप्पल. हे त्याला शेकडो वेळा आठवत होतं. त्यातलं त्या सकाळचं कुठलं, ते वेगळं काढता येईना. रोज दाराला कुलूप लावणाऱ्या माणसाला अर्ध्या वाटेत विचारावं, लावलंस का, तसं.

"आठवत नाही, वहिनी," तो म्हणाला.

जुळ्याच्या बायकोनं डोळे मिटून घेतले. वहिनीनं त्याच्या उरलेल्या पाण्याचा पेला उचलून आत नेला आणि ती बाहेर आली नाही. जाताना दार त्यांनीच ओढून घेतलं.

त्या दिवसापासून फोन बंद झाला. संध्याकाळी जुळ्याची बायको स्वयंपाकघरातून सारखी फोनकडे बघायची. "अहो, खरं बोललात ते बरोबरच," एकदा ती म्हणाली, "पण माणसानं इतकंही खरं बोलू नये." आणि मग भांडी घासताना तिनंच नळाच्या आवाजात रडून घेतलं. जुळ्या रोज सकाळी काट्यावर जाऊन उभा राहायचा. काट्याशेजारचा माणूस आता आकडा लिहून घेत नव्हता, पण "उतर" म्हणायचा धीर त्याला होत नव्हता. वजन तसूभर हललं नव्हतं. संध्याकाळी ताटावर हात त्याच घासाला आडवा यायचा.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, बारीक आवाजाचे, सगळ्यांना "आपण" म्हणणारे. त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर फुगलेल्या पोशाखात झडपेपर्यंत हात पोचतो का, हे कुणी बघितलं आहे का. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग ज्या यंत्राला पैसे नव्हते ते यंत्र उसनं आणलं गेलं. मेल्यावर सगळं मिळतं.

चाचणीच्या दिवशी फोरमन पाण्याच्या नळाशी जुळ्याला गाठून उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, हाताखाली दीडदोनशे जण होते आणि प्रत्येकाची पोरंबाळं त्याला नावानं ठाऊक होती.

"हे बघ," तो म्हणाला, "निधीचा निकाल या चाचणीवर लटकलाय. हात पोचला तर यान ठीक, चूक माणसाची. नाही पोचला तर चूक यानाची, आणि मग कुलूप लागलं म्हणून समज. तेव्हा जरा खांदा रेट. थोडक्याचाच प्रश्न असणार."

"आणि साहेब?"

"साहेब गेले रे. लोक निष्काळजी म्हणाले म्हणून त्यांच्या अंगाला काय भोकं पडणार आहेत? तुझ्यावर येण्यापेक्षा ते बरं. तुझाच विचार करून सांगतोय."

"बरं," जुळ्या म्हणाला. त्याला फोरमनचं पटलं असंही नाही आणि चीड आली असंही नाही. वहिनीचा प्रश्न तेवढा आत कुठंतरी अडकून होता, आणि त्याचं उत्तर या खुर्चीत मिळेल असं त्याला वाटत नव्हतं.

त्याला पोशाख चढवला, खुर्चीत बसवलं. मागून एका कारागिरानं पट्टे ओढले. कट्. मग यंत्र सुरू झालं आणि पोशाख फुगायला लागला. कोपर वाकेना, बोटं मिटेनात, कानात नुसती सूं सूं. काचेपलीकडं समितीची माणसं उभी होती. मुख्य इंजिनीअर बाई त्याच्या कानातल्या यंत्रातून म्हणाल्या, "झडपेकडे हात न्या."

त्यानं नेला. हात जाऊन थांबला. चकती आणि बोटं यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं.

"पुन्हा एकदा."

त्यानं खांदा रेटला. फोरमनसाठी नव्हे, कुणी पोचतो का विचारलं की पोचवून बघायची सवय होती म्हणून. पट्टा मांसात रुतला, डोळ्यांपुढं ठिपके आले. चार बोटांची तीन झाली, पुढं काही जाईना. तिसऱ्यांदाही तेच. काचेपलीकडे अध्यक्ष काहीतरी विचारत होते, कुणी मान हलवत होतं, फोरमन जमिनीकडे बघत होता. "ठीक आहे, हवा काढा," बाईंचा आवाज आला.

पण जुळ्याचं तिकडं लक्ष नव्हतं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे त्याची नजर गेली होती. डॉक्टरीणबाईंची खुर्ची. त्या तिथं मान टाकून बसल्या आहेत असं त्याला दिसलं, आणि त्याचा उजवा हात छातीवर आला. टणक बोटं कडीत शिरेनात. त्यानं ती घासून घासून आत घातली आणि कडी ओढली. पट्टे सुटले. सगळं अंग डावीकडे कललं, हात चकतीवर पडला आणि चकती फिरली.

यंत्राचा आवाज तेवढा चालू होता.

जुळ्या परत खुर्चीत सरकला. बसल्यावर त्यानं खांदे मागं दाबले आणि वाट बघितली. किती वेळ बघितली त्याला कळलं नाही. मागं कुणी नव्हतं, कारागीर केव्हाच बाहेर गेला होता. त्यानं एक हात मानेमागं न्यायचा प्रयत्न केला, तो कानापर्यंतसुद्धा गेला नाही. मग दुसरा. मग तो नुसता बसून राहिला, आणि पोशाखातली हवा हळूहळू निघून गेली.

त्याला बाहेर काढलं तेव्हा मुख्य इंजिनीअर बाई त्याच्याकडे न बघता कडीकडे बघत होत्या. लाल कडीवर हातमोज्याचं रबर घासून पांढरा ओरखडा उमटला होता. मऊ हातमोज्यानं कडी ओढली की असं काही उमटत नाही, सगळ्यांनी ती हजारदा ओढलेली होती. बाईंनी खऱ्या यानातली वैमानिकाची कडी मागवली. सुटका पथकानं ओढलेली म्हणून ती पेटीत तशीच पडून होती, कुणी निरखून बघितली नव्हती. तिच्यावर तोच पांढरा ओरखडा होता. पथकातल्यांचे हात उघडे होते.

म्हणजे हवा गेल्यावर, पोशाख फुगल्यावर, वैमानिकानं आपल्या हातानं पट्टा सोडला होता. झडप त्यानं बंद केली. म्हणून शेजारची बाई जगली. आणि पट्टा परत लावायला माणूस लागतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. इंजिनीअर बाईंनी कडी पेटीत ठेवली आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जुळ्याला कुणीतरी पाणी आणून दिलं, ते त्यानं प्यायलं.

अहवाल छापून आला, आणि फोरमनची भीती खोटी ठरली. निधी बंद होईल म्हणून धास्तावलेल्या लोकांना आपल्याच लोकांची ओळख नव्हती. बेफिकिरीनं मेलेल्या माणसामुळं पैसे बंद झाले असते कदाचित, पण हा तर शूर निघाला. वैमानिकाचा हसरा फोटो चौकाचौकात लागला, शाळांतून भाषणं झाली, निधी समितीतल्या ज्यांनी कात्री चालवली होती त्यांनीच उभं राहून जास्तीची रक्कम मंजूर केली. झडप भिंतीवरून उचलून हाताशी आणली. कामाला फारसा वेळ लागला नाही म्हणे. खांद्याचे पट्टे पुढून लावता येतील असे केले. फोरमननं जुळ्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. एवढी शरम त्याच्याजवळ होती.

पुढच्या उड्डाणाला नवा वैमानिक निवडला, चांगला वीतभर उंच. शिंपी पुन्हा टेप घेऊन केंद्रभर फिरला आणि त्याला रखवालदारांमध्ये एक लंबू सापडला. जुळ्या भांडारात परत आला. तार, नळ्या, कापडाचं ठाण. नाव तेवढं राहिलं. नव्यानं आलेले लोक विचारायचे, जुळ्या का म्हणतात, आणि सांगणारा आवाज खाली आणून सांगायचा.

आता काट्यावर उभं राहायचं काही कारण नव्हतं, तरी तो सकाळी जाऊन उभा राहायचा. वजन तेच. संध्याकाळी हात ताटावर यायचा. बायको म्हणायची, "आता कुणासाठी?" ते त्यालाही माहीत नव्हतं. सगळ्यांना त्यांचं त्यांचं उत्तर मिळालं होतं. समितीला मिळालं, वर्तमानपत्रांना मिळालं. जुळ्याला त्या सकाळचा तो कट् अजूनही आठवत नव्हता. वहिनीनं अहवाल वाचला असणारच. फोन मात्र आला नव्हता, आणि तो येईल अशी आशा त्यानं धरली नव्हती. नवऱ्याच्या पाठीशी शेवटचा उभा राहिलेला माणूस तोंडावर आठवत नाही म्हणतो, त्याच्याशी कुठल्या बाईनं पुन्हा बोलावं?

एका संध्याकाळी दोघं जेवायला बसले होते. जुळ्याचं ठरलेलं होत आलं होतं. फोन वाजला. बायको उठली, खरकटा हात वर धरून दुसऱ्या हातानं तिनं फोन उचलला, आणि तिचा चेहरा बघून जुळ्याचा घास हातातच राहिला.

"जाऊबाई," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मधेच "हो" म्हणाली. मग "सांगते" म्हणाली. फोन ठेवून ती परत येऊन बसली. तिनं आधी डोळे पुसले, ते खरकट्या हाताच्या मनगटानं.

"वहिनी होत्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, भावजींना सांगा, पट्टा त्यांनी लावला होता. लावलेला होता म्हणूनच तर ह्यांना सोडावा लागला. सुटलेला पट्टा कुणी सोडत बसतं का?"

जुळ्या ताटाकडे बघत होता.

"आणखी म्हणाल्या, एवढे दिवस फोन करायला बोलायचं काही नव्हतं हो, जाऊबाई. आमचे काय जेवले, हे सांगायचं राहिलंच नव्हतं." तिनं घोटभर पाणी प्यायलं. "आणि म्हणाल्या, आमच्यांचं वजन आता सांभाळायचं नाही. आजपासून तुमच्यांना पोटभर वाढा."

बायकोनं डाव उचलला. सवयीनं जुळ्याचा हात ताटावर आडवा आला. तिनं डाव तसाच अधांतरी धरला, आग्रह केला नाही. हात थोडा वेळ तिथंच राहिला. मग त्यानं तो उचलून मांडीवर ठेवला.

ती वाढत गेली. तो खात गेला. मध्येच कधीतरी त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ताटात पडायला लागलं, तरी तो थांबला नाही, खाली मान घालून खातच राहिला. ताट रिकामं झालं तेव्हा त्यानं ते पुढं सरकवलं आणि म्हणाला, "अजून वाढ."